मदत हवी आहे: आर३६एसवर बायोस टाकूनही 'सापडली नाही' म्हणतोय

नमस्कार मंडळी,
चुलतभावाने सुरतहून आर३६एस, म्हणजे जुन्या गेम खेळायचा हातातला कन्सोल, आणून दिला. सोबत आलेल्या कार्डाचा भरवसा नव्हता, म्हणून जळगावला गोलाणी मार्केटमधून चांगलं कार्ड घेतलं आणि त्यावर आर्कओएस ही त्याची सिस्टीम चढवली. निन्टेंडो, सुपर निन्टेंडो, सेगाच्या कॅसेटवाल्या गेम झकास चालतात. कॉन्ट्रा लावलं की पप्पा हातातून सोडत नाहीत.

घोडं सीडीवाल्या गेमवर अडलंय. प्लेस्टेशन १ ची गेम उघडली की बायोस (मशिनचा मूळ प्रोग्राम) सापडली नाही अशा अर्थाची ओळ येते. त्यानंतर काही गेम चालतात, काही काळ्या स्क्रीनवर बसून राहतात. सेगा सीडीची एकही चालत नाही, सरळ मेनूत परत.

एससीपीएच५५०१.बिन ही फाईल पहिल्या कार्डातल्या रॉम्स या गेमच्या फोल्डरात, आतल्या बायोस फोल्डरमध्ये टाकली आहे. आकार बरोबर ५१२ केबी. गेम सगळ्या दुसऱ्या कार्डावर आहेत, ६४ जीबीच्या. फाईल खराब असेल का? नाव कॅपिटलमध्ये हवं का? आणि कॅसेटवाल्यांना काहीच लागत नाही, मग यांनाच का लागतं?
– दोंडाईचा_पोऱ्या

तापीकाठ:
भाऊ, गेम दुसऱ्या कार्डावर आहेत म्हणतोस, तिथेच पाणी मुरतंय. आर्कओएसला एकदा 'दुसऱ्या कार्डावरून गेम घे' सांगितलं की ती रॉम्स२ या त्या कार्डाच्या फोल्डरात बघते. बायोससुद्धा तिथल्याच बायोस फोल्डरात शोधते, पहिल्या कार्डातल्या फाईलकडे ढुंकूनही बघत नाही. खात्री करायची तर गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये डिरेक्टरी उघड. सिस्टीम/बायोससमोर जो पत्ता दिसेल, फाईल तिथेच हवी.

कॅसेटवाल्यांचं म्हणशील, तर त्या मशिनमध्ये कॅसेट खोचली की प्रोसेसर थेट कॅसेटमधलाच प्रोग्राम चालवायला घेतो. सीडीचं तसं नाही. ती फिरवून वाचायची, मेमरी कार्ड सांभाळायचं, तर मशिनच्या पोटात आधीपासून एक प्रोग्राम बसलेला लागतो. तोच बायोस. प्लेस्टेशनसाठीच्या पीसीएसएक्स रीआर्म्ड या कोअरमध्ये (कोअर म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणारा प्रोग्राम) त्याची कामचलाऊ नक्कल आहे, म्हणून तुझ्या काही गेम फाईल नसतानाही चालल्या. सेगा सीडीला तशी सोय नाही.

भरीतपार्टी_भुसावळ:
काय भो, फाईल बरोबर आहे की नाही ते आकारावरून ठरवू नको. ५१२ केबीची कुठलीही रद्दी असू शकते. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची कमांड असते, तिने एमडी५, म्हणजे फाईलचा ठसा, काढ. ५५०१ चा ४९०एफ ने सुरू होतो.
नाव सगळं लहान अक्षरात ठेव. कार्ड फॅट३२ असेल तर लहानमोठ्याने फरक पडत नाही, पण लिनक्सच्या पद्धतीचं विभाजन असेल तर पडतो. उगाच कशाला विषाची परीक्षा!
आणि लिंक मागायला कोणी येऊ नका. बायोस सोनीच्या मालकीची आहे. स्वतःच्या मशिनमधून काढा. सोनीचाच हातातला कन्सोल पीएसपी पडून असेल तर त्याच्या ६.६० फर्मवेअरमधून निघणारी फाईलही हा कोअर घेतो.

दोंडाईचा_पोऱ्या:
तापीकाठ दादा, दुसऱ्या कार्डात टाकली आणि ती ओळ गेली! अडकणाऱ्या गेमसुद्धा सुरू झाल्या. एमडी५ पण जुळला. सेगा सीडी मात्र अजून तशीच. फाईलचं नाव 'सेगा सीडी यूएसए' असं आहे, १२८ केबी.

तापीकाठ:
त्या नावाने कोअरला काही कळणार नाही. अमेरिकन डिस्कसाठी बायोस_सीडी_यू.बिन हेच नाव लागतं, युरोपला यू च्या जागी ई, जपानला जे. इथे मात्र 'सीडी' आणि शेवटचं अक्षर कॅपिटल, बाकी लहान. डिस्क ज्या प्रदेशाची, बायोसही त्याच प्रदेशाची.
नाव बदलण्याआधी विंडोजमध्ये फाईलचं शेपूट (नावामागचं डॉट बिन वगैरे) दिसेल अशी सेटिंग कर. ते लपलेलं असलं की आपण डॉट बिन लिहितो आणि फाईल डॉट बिन डॉट बिन होऊन बसते. हे मी इथे इतक्यांना सांगितलंय की आता पाठ झालंय.

भरीतपार्टी_भुसावळ:
चालनं का भाऊ? आणि पुढे निओ जिओ या मशिनच्या गेम लावशीलच, तर तिची बायोस असलेली निओजिओ.झिप उघडू नको. ती झिपच राहू दे, गेमच्याच फोल्डरात.

दोंडाईचा_पोऱ्या:
चालनं! शेपटाचाच घोळ होता. एक शेवटचं विचारतो, तीन डिस्कची गेम आहे, डिस्क बदलायची कशी?

तापीकाठ:
एम३यू फाईल, म्हणजे डिस्कांची यादी, बनव. साध्या नोटपॅडमध्ये तिन्ही डिस्कच्या क्यू फाईलींची नावं एकाखाली एक, आणि सेव्ह करताना शेपटाकडे लक्ष. मग गेम त्या एम३यू वरूनच उघड. डिस्क बदला म्हटलं की रेट्रोआर्कच्या मेनूत डिस्क कंट्रोल आहे.