‘घाबरणे’ आणि ‘घाबरं होणे’

चिंचपेटी
दवाखान्यात ठेवायच्या एका चारपानी पुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय पॅनिक अटॅक. हा शब्द पहिल्याच ओळीत आहे आणि मी तिथेच अडकलेय. ‘भीतीचा झटका’ लिहिलं, खोडलं. ‘भयाघात’ लिहिलं, तेही खोडलं. पक्षाघाताचा धाकटा भाऊ वाटतो. मूळ शब्द तसाच ठेवावा, तर आपल्याकडे नुसतं ‘अटॅक’ म्हटलं की हृदयाचाच. गेल्या वर्षी मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा भावाने मामांना फोन केला, “ताईला अटॅक आला, पण पॅनिकचा.” मामांनी पहिले तीन शब्द ऐकले आणि गाडी काढली. ‘पण’नंतरचं कुणी ऐकतच नाही. काही सुचतंय का?

ओटीवरचा
‘धडकी’ चालेल का? ‘पाचावर धारण बसणे’ हाही अस्सल वाक्प्रचार आहे. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाचच शेर धान्य, म्हणजे महागाईने माणसाची गाळण उडणारच, अशी व्युत्पत्ती सांगतात.

अर्धवटराव
मग ‘घाबरगुंडी’ का नको? :)

चिंचपेटी
घाबरगुंडी उडाली की बघणारे हसतात, म्हणून नको. आणि धडकी भरायला समोर काहीतरी लागतं: वाघ, वसुलीवाला, दहावीचा निकाल. मी तेव्हा ओट्यापाशी भेंडी चिरत होते. समोर भेंडीच होती. अचानक छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, सुरी हातात धरवेना. आपलेच हात दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असं वाटत होतं. नवरा म्हणाला, “घाबरतेस कशाला?” मी म्हटलं, “मी कुठे घाबरतेय? मला घाबरं होतंय!”

सांजवात
अहो, शब्द तुम्हीच दिलात की. मी बरीच वर्षं परिचारिका आहे. पेशंट ‘मला भीती वाटतेय’ असं क्वचितच म्हणतो. ‘घाबरं होतंय’, ‘घाबरल्यासारखं होतंय’, ‘जीव घाबरा झालाय’ म्हणतो. हे शरीराचं बोलणं आहे. इथे घाबरतो तो जीव, माणूस नव्हे. नवीन डॉक्टर विचारतात, “कशाला घाबरता?” आणि पेशंट गप्प होतो, कारण त्या प्रश्नाला उत्तरच नसतं. कारणावाचून आलेलं असतं ते. अडचण एकच, साखर उतरली, बीपी पडलं, हृदयाचं काही असलं तरी लोक हेच म्हणतात. म्हणून पहिल्या खेपेला ईसीजी काढायचाच, थायरॉईडही बघायचं. छातीत दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल तर शब्दचर्चा नको, सरळ १०८.

रानवारा
आमच्या वऱ्हाडात ‘मले कसंतरीच होऊन रायलं’. त्यात सगळंच येतं. वारंवार झालं की म्हातारी माणसं ‘बाहेरचं असंल’ म्हणतात आणि लिंबू उतरवतात. हसू नका, इंग्रजीतला ‘पॅनिक’सुद्धा तसाच आहे. ग्रीकांचा पॅन नावाचा रानातला देव, अर्धा बोकड. निर्जन रानात विनाकारण जी भीती दाटते ती त्याची करणी, असं ते मानायचे. म्हणजे त्यांच्याकडेही बाहेरचंच.

ओटीवरचा
आणि डॉक्टर मंडळी बराच काळ ते हृदयातच शोधत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप, छातीत दुखणं हे सगळं डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने १८७१ साली नोंदवलं आणि त्याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. पॅनिक डिसऑर्डर असं स्वतंत्र नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८०ला आलं.

सांजवात
आता ‘धसका’. हा शब्द पुस्तिकेत हवाच, पण अटॅकसाठी नको. अटॅक साधारण दहा मिनिटांत चढतो आणि मग उतरायला लागतो. ‘पुन्हा झालं तर?’ हे मात्र महिनोन् महिने राहतं. मग लोकल टाळायची, लिफ्ट टाळायची, एकटीने बाजारात जायचं नाही. हा धसका. आजार खरा तिथे वाढतो.
दुसरं, पुस्तिकेत ‘मोठा श्वास घ्या’ असेल तर बदला. श्वास कोंडल्यासारखं वाटतं, पण होत असतं उलटंच. माणूस भराभरा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि गरगर. त्यात आणखी छाती भरून श्वास घेतला की भर पडते. श्वास सावकाश सोडायला सांगा. आत चार आकडे, बाहेर सहा, रेटून नाही.

अर्धवटराव
मराठीला हे ठाऊक असावं. सुटकेचा नि:श्वास असतो, आणि तो टाकायचा असतो.

चिंचपेटी
वा! हे घेतलं. क्रियापदाचंही कोडं सुटलं. मी ‘अटॅक थांबवण्यासाठी’ लिहिलं होतं. थांबवायला गेलं की जास्तच उसळतं, माझा अनुभव आहे. ‘ओसरणे’ लिहीन. पूर ओसरतो, ताप ओसरतो. मी आता खाली फरशीवर बसते, पाय गार फरशीला टेकवते, हाताशी असेल ती वस्तू चाचपते. एकदा अख्खी लसणाची गड्डी सोलून झाली. ओसरतं.

सांजवात
छान, पण अंगावर काढू नका. धसका सोडवायला सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धती आहे, औषधंही आहेत. मनोविकारतज्ज्ञ जवळ नसेल त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक पुस्तिकेत टाका. सरकारी आहे, मराठीतही बोलतात.

चिंचपेटी
टाकते. शीर्षक ठरलं: ‘अचानक घाबरं होतं तेव्हा’. खाली बारीक अक्षरात ‘पॅनिक अटॅक’, म्हणजे कागदावर तेच नाव आलेल्या पेशंटला जुळवता येईल.

ओटीवरचा
मुद्रितशोधकाला आधीच बजावून ठेवा. तो ‘घाबरं’चं ‘घाबरे’ करील, मग ‘अचानक घाबरे होतात’ वगैरे. अनुस्वार सोडायचा नाही.