सेल्फ फिरतो पण गाडी उठत नाही: पंपाच्या रिलेचे अनुभव टाका

तेरा_नंबरी
आज सिग्नलला तिघं जण एक पिकप ढकलत होते, ड्रायव्हर सेल्फवर सेल्फ मारत होता. चावी ऑन केल्यावर मागून, टाकीतल्या पेट्रोल पंपाची, दोन सेकंद जी गुणगुण येते ती कुणी ऐकलीच नसणार. पेट्रोल आणि सीएनजीवाल्या पिकपबद्दल लिहा. गुणगुण नाही आली तर पहिला हात कुठे घालता?

बारा_व्होल्ट
फ्यूज. मग रिले, म्हणजे पंपाला करंट जोडणारा विजेवरचा स्विच. जागा फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या नकाशात असते, पण झाकणं अदलाबदल झालेली असतात, म्हणून नकाशावर डोळे मिटून विश्वास नको. ड्रायव्हरच्या सीटवर एकाला बसवा, तुम्ही बोटं एकेका रिलेवर ठेवा, त्याला चावी ऑन करायला सांगा. जो टक करून दोन सेकंदांनी परत टक करतो तो पंपाचा. मेन रिले चावी ऑन आहे तोवर धरून राहतो, हा सोडतो.

वायरवाला
टक आवाज आला म्हणजे रिले चांगला, ही सगळ्यात महागातली चूक. टक कॉइलची असते, ती पॉइंट ओढते. करंट जोडणारे आतले पॉइंट काळे पडले असले तरी टक येतेच.
काढा आणि बघा, पायांवर नंबर असतात, ८५-८६ कॉइलचे, ३०-८७ पॉइंटचे: ८५-८६ मध्ये साधारण ५० ते १२० ओहम. उघडं दाखवलं तर कॉइल गेली. मग ८६ ला प्लस, ८५ ला अर्थ (आत डायोड असला तर उलटं देऊ नका, डायोड जाईल) आणि ३०-८७ मधून २१ वॉटचा बल्ब पेटवा. मंद पेटला तर फेकून द्या. नुसत्या मल्टिमीटरवर जळका पॉइंटसुद्धा १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. पंप ओढतो ४ ते ८ अँपिअर.

कुकर_३_शिट्ट्या
एवढं कशाला, हॉर्नचा रिले तसाच असतो, अदलाबदल करा न् बघा.

वायरवाला
अंगावरचा नंबर आणि पायांची मांडणी सारखी असेल तरच. चार पायांच्या जागी पाच पायांचा बसतो, पण ८७ए च्या (पाचव्या पायाच्या) खाचेत वायर असेल तर घोळ.

तेरा_नंबरी
आणि हॉर्नशिवाय घाट कोण चढणार 😄

कोकणी_पाना
आमच्याकडे पावसात रिले कमी, सॉकेट जास्त जातं. बॉक्समध्ये ओल शिरते, पाय हिरवे पडतात, आतली पितळी क्लिप ढिली होते. ढिली क्लिप तापते, तापली की अजून ढिली. रिले उपटल्यावर ३० किंवा ८७ चा पाय निळसर-तपकिरी आणि भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं दिसलं तर नवा रिले टाकून आठ दिवस निघतील फक्त. क्लिपच बदला. पंप चालू असताना ३० आणि ८७ वायरींच्या मध्ये मीटर लावा, ०.२ व्होल्टच्या वर पडत असेल तर दोष तिथेच.

बोनेट_उघडा
रिले काढून सॉकेटच्या ३०-८७ ला जंपर (जोडवायर) टाकायचा, पंप वाजला की पंप नि वायर ठीक. जंपरमध्ये १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. आधी पेट्रोलचा वास घ्या, गळती असेल तर ठिणगी नको.
हे फक्त तपासण्यापुरतं!! काही जण जंपर तसाच ठेवून गाडी पळवतात. इंजिन थांबलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिले सोडतो, म्हणून पंप थांबतो. जंपर असला तर गाडी उलटलेली, पाइप तुटलेला, आणि पंप ३ बारने पेट्रोल फेकतच राहतो.

डॅलस_वरून
इकडच्या फोर्ड एफ-१५० पिकपमध्ये, २००९ ते २०१४ च्या, पंपाचा २७ नंबरचा २० अँपिअर फ्यूज आधी बघा, खाच वितळते. त्याहून जुन्यांत प्रवाशाच्या पायाशी इनर्शिया स्विच असतो, धक्क्याने उडतो नि पंप बंद करतो. बटण दाबलं की झालं. लोक अख्खी टाकी उतरवतात.

बारा_व्होल्ट
रिले टकच करत नसेल तर ८५-८६ ला आज्ञा येते का बघा. पण तिथे २१ वॉटचा बल्ब नको, पावणेदोन अँपिअर ओढेल, ईसीयूचा ड्रायव्हर जाईल. एलईडी टेस्टर लावा. चावीला दोन सेकंद पेटला, सेल्फला विझला तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) बघा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर रिलेला हात लावू नका, चावीचं बघा.

सुपरमावशी
डिझेल पिकप असेल तर??

कोकणी_पाना
मावशी, बऱ्याच डिझेलमध्ये टाकीत पंपच नसतो, पुढचा हाय-प्रेशर पंपच ओढून घेतो. तिथे मेन रिले नि हवा शिरली का ते बघायचं.

बोनेट_उघडा
सीएनजीवाल्यांनो, पेट्रोल टाकी कोरडी ठेवू नका. पंप पेट्रोलनेच थंड राहतो. अडकलेला पंप जास्त अँपिअर ओढतो, पॉइंट जळतात. मग रिले तिसऱ्यांदा बदलता.

कुकर_३_शिट्ट्या
रिले गार असताना चालतो, दुपारी तापला की नाही, तर?

वायरवाला
आतला सोल्डरचा टाका तडकलाय. बंद पडल्यावर लगेच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, चालू झाला तर तोच. ठोकत फिरू नका, नवीन घ्या.

सुपरमावशी
आमच्या गाडीला ठोकूनच चार महिने झाले 🙈