चर्चा: आपल्या भागातल्या प्रश्नासाठी भांडायला शिकावं लागतं का?

हेलपाटे
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. घराजवळच्या शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, गाड्या थांबतच नाहीत, म्हणून दीड वर्षापूर्वी मी या भानगडीत पडले. पहिले चार महिने सपशेल वाया. कारण मी ज्या ऑफिसात अर्जावर अर्ज देत होते तो रस्ता त्यांच्या ताब्यातच नव्हता आणि हे मला तिथल्या एकानेही सांगितलं नाही. अर्ज घ्यायचे, शिक्का मारून पोच द्यायचे आणि मी पोच नीट फाइलला लावून खूष.

मग एका मैत्रिणीने सांगितलं, आधी मोज तरी. तर तीन दिवस शाळा भरायच्या वेळी कोपऱ्यावर वही घेऊन उभी राहिले. थांबलेल्या गाडीला एका बाजूला रेघ, न थांबलेलीला दुसऱ्या बाजूला, पाचवी रेघ आडवी. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की सुसाट येणाऱ्या गाड्या फारशा नाहीतच! खरा घोळ घालतायत पोरांना सोडायला आलेले आम्ही पालक. आमच्याच गाड्या कोपऱ्याला अशा खेटून लागतात की पोरगं दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येईपर्यंत समोरच्या ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणजे चार महिने मी चुकीच्या ऑफिसकडे स्पीडब्रेकर मागत होते आणि मुळात मागणीच चुकीची.

तर माझं म्हणणं असं की हे पोहण्यासारखं आहे, शिकावंच लागतं. निर्णय कोणाच्या सहीने होतो, आपल्याला नेमकं काय हवंय आणि बैठकीत तीन मिनिटं मिळाली तर पहिलं वाक्य काय बोलायचं, एवढं तरी यायला पाहिजे. तळमळ काय सगळ्यांकडेच असते.

उदाहरण द्यायचं तर लोइस गिब्ज. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती, तिथे एका केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ मध्ये सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला होता आणि वर शाळा आणि घरं उभी राहिली. ही बाई गृहिणी, मुलगा सारखा आजारी. १९७८ मध्ये शाळा बंद करा म्हणून सह्या गोळा करायला निघाली, पहिलं दार वाजवलं, कोणी उघडलं नाही तर सुटल्यासारखी घरी पळाली. तीच बाई पुढे घरोघरी जाऊन आजारांची नोंद करते, नकाशावर खुणा करते आणि दाखवते की आजार जुन्या बुजवलेल्या ओहोळांच्या रेषेवर जास्त आहेत. हे शिकून झालं, जन्मजात नव्हे.

तिरपा डोळा
ताई, गोष्ट अर्धीच सांगितलीत, आणि सोयीची अर्धी :)
तो नकाशा घेऊन ती सरकारकडे गेली तेव्हा काय झालं तेही सांगा की. घरबसल्या बायकांची आकडेवारी म्हणून उडवून लावली. मग मे १९८० मध्ये तिथल्या रहिवाशांनी पर्यावरण खात्याची दोन माणसं घरात कोंडून ठेवली, बाहेर ही गर्दी, आणि दोन दिवसांत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर करून उरलेल्या कुटुंबांना हलवायचा मार्ग मोकळा केला. दोन वर्षं वह्या भरून जे झालं नाही ते एका दुपारी झालं.
मी कोणाला कोंडा म्हणत नाहीये, उगाच गुन्हा दाखल व्हायचा. पण हे जे कार्यशाळा, फॉरमॅट, मुद्देसूद निवेदन वगैरे चालतं ना, त्याने नागरिक गोड होतो फक्त. साहेबालाही तेच हवं असतं. निवेदन स्वीकारतानाचा फोटो काढला की दोन्ही पार्ट्या घरी जायला मोकळ्या.

वाचनमात्र
बसलोय वाचत.

हेलपाटे
@तिरपा डोळा, दोन दिवसांतलं खरं आहे, नाकारत नाही. पण १९७८ च्या ऑगस्टमध्येच कचऱ्याला अगदी लागून असलेल्या २३९ कुटुंबांना हलवलं होतं, ते काही कोंडून नव्हे. आणि मुख्य म्हणजे कोंडलं तेव्हा काय मागायचं हे त्या बाईला पाठ होतं. माझ्यासारखीने दोन साहेब कोंडले असते आणि मागितला असता स्पीडब्रेकर!

तिरपा डोळा
हा हा, हे मान्य. तरी क्रम बघा. हॉलंडमध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेपेक्षा जास्त मुलं. एका पत्रकाराची मुलगी गेली, त्याने पेपरात लिहिलं, मथळ्यातच ‘बालहत्या थांबवा’. अपघात नाही म्हणाला, हत्या म्हणाला! त्याच नावाने चळवळ उभी राहिली, लोकांनी रस्ते अडवले, गाड्या बंद करून पोरांना मधोमध खेळायला सोडलं. आधी चिडावं लागतं हो. चीड शिकवायचा कोर्स असेल तर सांगा, पहिली फी मी भरतो.

हेलपाटे
आणि नंतर त्याच लोकांनी रस्त्यांची आखणी कशी असावी यावर काम केलं हे विसरलात. चालणाऱ्याच्या वेगाने गाडी हाकायची असे गल्लीबोळ, वूनर्फ म्हणतात त्याला, १९७६ मध्ये कायद्यात आले. नुसतं चिडून बसले असते तर खेळ संपल्यावर गाड्या परत तिथेच.

खडूस मावशी
तुमचं दोघांचं भांडण गोडच आहे पण दोघंही एकच धरून चाललाय की मागणारा बरोबर असतो. मला तिथेच खुपतं.
हे कौशल्य शिकतं कोण? ज्याच्याकडे वेळ आहे, स्वतःचं घर आहे, मीटिंगमध्ये माईक हातात घ्यायची सवय आहे तोच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात संशोधकांनी नव्या घरबांधणीवरच्या बैठकांची इतिवृत्तं काढून बोलणारे कोण ते तपासलं. वयाने मोठे, पुरुष, घरमालक, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले, लोकसंख्येत आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि बोलणारे बहुतेक विरोधातच. ज्यांना त्या घरांत राहायला यायचं होतं ते बैठकीत कसे असणार, ते अजून तिथे राहतच नाहीत!
मी स्वतः याची साक्षीदार आहे. आमच्या इथे बेघरांसाठी निवारा होणार होता. सोसायटीतल्या चार हुशार लोकांनी नियम काढले, नकाशे काढले, हेलपाटे म्हणतायत तस्सं पहिलं वाक्य घोटून बोलले, आणि निवारा गेला दुसरीकडे. कुठे ते विचारायलाही कोणी गेलं नाही. मीपण सही केली होती. आजही आठवलं की बरं वाटत नाही. तेव्हा कौशल्य कौशल्य काय करताय, सुरी चालवायला शिकवण्याआधी कापायचं काय ते बघा.

अर्धवटराव
मी आणखी साधं विचारतो. मत कशाला देतो मग आपण? निवडून दिलाय ना माणूस, त्याने करावं. मी नोकरी करू, पोरं सांभाळू का चौकात रेघा ओढू?

तिरपा डोळा
@अर्धवटराव तुमच्यासारख्यांच्या जिवावरच निवडून आलेला माणूस निवांत झोपतो हो.
@मावशी, तुमचा मुद्दा लागला. उत्तर नाही माझ्याकडे.

जुनी सतरंजी
उशिरा आलो. मावशींचा मुद्दा खरा पण पूर्ण नाही असं वाटतं. वेळवाले, शिकलेलेच हे करू शकतात म्हणता, तर राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचं बघा. १९९४ पासून त्यांनी जनसुनवाई सुरू केल्या. दुष्काळी कामावर राबणारी माणसं, कित्येकांना वाचता येत नाही. करायचं काय तर सरकारी हजेरीपट आणि बिलं मिळवायची आणि सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचायची, बस. अमका इतके दिवस कामावर. गर्दीतून आवाज, अरे तो तर कधीच मेला! अमकी इमारत बांधून पूर्ण. कुठे आहे? ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. त्या रेट्यातून पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला, ३० दिवसांत उत्तर द्या म्हणणारा.
यात कौशल्य आहे की नाही? आहेच. पण पॉवरपॉइंटवालं नाही. आणि मोठ्याने सगळ्यांसमोर वाचलं की मावशी म्हणतात ती चोरवाटही जरा अरुंद होते. तुमच्या त्या चार हुशार लोकांना निवाऱ्यात राहणाऱ्यांसमोर तेच वाक्य बोलायला लावलं असतं तर?

खडूस मावशी
बोलले असते हो. तुम्ही आमची सोसायटी बघितली नाहीत.
पण मी कदाचित सही केली नसती. एवढं कबूल.

अर्धवटराव
बरं ते सगळं जाऊ दे, शाळेसमोरचं झालं का शेवटी?

हेलपाटे
अर्धं. बरोबर ऑफिस सापडल्यावर कोपऱ्यावर पट्टे मारले आणि नो पार्किंगचा बोर्ड लागला. बोर्डाखालीच आता एक पांढरी गाडी उभी असते. माझ्याच मुलीच्या वर्गातल्या मुलाचे बाबा, भेटले की हसून हात करतात. सरकारशी बोलायला शिकले, पण यांच्याशी काय बोलायचं ते अजून सुचत नाहीये. सोमवारी परत वही काढतेय.

तिरपा डोळा
सोमवारी जवळपास असतो तर आलो असतो. वही तुम्ही धरा, मी त्या पांढऱ्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसलो असतो.