अनुभव धागा : भाषेचा अभ्यासक्रम वर्गात किती उतरतो?

इंदूरच्या शाळांत हिंदी, मराठी, संस्कृत शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. 'पुस्तक संपलं' एवढं पुरेसं नाही. ठरवलेलं आणि शिकवलेलं यांत फट कुठे पडते, ती कशी धरायची, ते नेमकं सांगा.

हिंदी, सहावी ते आठवी :
२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २४ म्हणतं, शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पुरा करावा. स्टाफरूममध्ये त्याचा 'कोर्स पूरा' होतो, म्हणजे धडे आणि प्रश्नोत्तरं. बोलणं सगळ्यांत आधी गळतं, कारण ४५ मुलांना दोन-दोन मिनिटं दिली तरी ९० मिनिटं लागतात आणि तास ४० मिनिटांचा. एकदम उरकू नका. रोज सुरुवातीला ६ मुलं, १२ मिनिटं. आठ दिवसांत वर्ग होतो. विषय आदल्या दिवशी द्या, बोलताना कागद नको. पाठ करून आलेलं कळायला मध्येच एक प्रश्न विचारा. वर्षभरात एकदाही उभं राहून बोलायला न मिळणं हा मुलावर अन्याय आहे.

हिंदी, नववी-दहावी, सीबीएसई :
२० अंतर्गत गुणांतले ५ श्रवण आणि 'वाचना'चे (हिंदी अभ्यासक्रमात 'वाचन' म्हणजे बोलणं). बऱ्याचदा लेखी परीक्षेचे गुण बघून ते अंदाजाने भरले जातात. खरी श्रवण चाचणी पंधरा मिनिटांत होते : पुस्तकाबाहेरचा दीडशे शब्दांचा उतारा दोनदा वाचायचा, मग पाच प्रश्न. धड्यातला उतारा घेतला तर स्मरणशक्ती तपासली जाते, ऐकणं नाही.

मराठी :
रामबाग, राजेंद्र नगरकडच्या घरांत मराठी बोलतात, पण मुलं लिहितात हिंदीच्या सवयीने. 'कवि', 'गुरु' येतं. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून 'कवी', 'गुरू'. हिंदीच्या तासाला उलटी चूक : 'मेरा आवाज', कारण मराठीत आवाज पुल्लिंगी. 'शिक्षा', 'चेष्टा' यांचे अर्थ तर दोन्हीकडे वेगळे. असल्या जोड्यांसाठी नियोजनात वेगळा तास नसतो. आठवड्याला दहा मिनिटं काढून पाच जोड्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. याला कोणी अभ्यासक्रम सोडणं म्हणू नये. शुद्धलेखनाचं उद्दिष्ट इथे याच वाटेने गाठता येतं.

पर्यवेक्षण :
टीचर डायरी वार्षिक नियोजनावरूनच भरली जाते, त्यामुळे दोन्ही नेहमी जुळतात. वह्या बघा. हजेरीतला प्रत्येक नववा क्रमांक घेतला की ४५ च्या वर्गातून पाच वह्या मिळतात. गेल्या महिन्याचं लेखन मोजा : फळ्यावरून उतरवलेलं किती, मुलाने स्वतः रचलेलं किती? पाचही वह्यांत निबंध शब्दशः सारखा असेल, तर डायरीत 'स्वतंत्र लेखन' लिहिलेलं असलं तरी ते झालेलं नाही. शिक्षकाला धारेवर धरण्याआधी वेळापत्रकही बघा. बदली तासात भाषेचाच तास आधी जातो.

संस्कृत :
वरच्या मोजणीत 'भाषांतर उतरवलेलं' असा तिसरा रकाना हवा. आमच्या वह्यांत तोच सगळ्यांत मोठा निघतो.