नेक स्क्रूचा की चिकटवलेला? माझं मत स्क्रूला

कोकणातला तारकरी

इलेक्ट्रिक गिटार बघायला गेलं की दुकानदार आधी सांगतो, "सेट नेक आहे साहेब, सस्टेन बघा!" (सस्टेन म्हणजे सूर किती वेळ टिकतो ते.) नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, बॉडीला सरळ चिकटवलेला म्हणजे माल भारी, आणि मागे पत्रा लावून चार स्क्रूंनी आवळलेला म्हणजे शिकाऊ पोरांचा, अशी एक समजूतच झाली आहे. मला ती साफ चुकीची वाटते.

मी रत्नागिरीत राहतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) इतक्या उचलल्या गेल्या की बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना बोटं दुखायची. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, फिरवून नेक सरळ केला, ब्रिजचे सॅडल (बॉडीकडे तारा टेकतात ते तुकडे) पार तळाला नेले, तरी तारा वरच. म्हणजे नेकचा कोनच बिघडला होता. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, नेक हातात आला. घरात पडलेल्या लग्नपत्रिकेची एक पट्टी कापली, खाचेत ब्रिजकडच्या कडेला ठेवली आणि परत आवळलं. नेक केसभर मागे कलला आणि तारा खाली आल्या. अर्ध्या तासाचं काम. चिकटवलेल्या नेकला हेच झालं असतं तर मुंबई-पुण्याचा कारागीर गाठावा लागला असता.

फेंडर कंपनीचा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेला भाग काढा, नवा बसवा, हे त्याच्या हाडात होतं. १९५० पासून कॅलिफोर्नियात त्याने याच पद्धतीच्या गिटारी विकल्या आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टरही तशीच. (लोक याला 'बोल्ट-ऑन' म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी असतात ते साधे लाकडाचे स्क्रू. असो.)

मिरजेचा भाचा

पत्रिकेची पट्टी! वधूवरांना कळवलंत का?

थट्टा सोडा. आमच्या आजोळी तंबोरे बनतात. भोपळा आणि दांडी यांचा सांधा चिकटवलेलाच असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांचे तंबोरे आजही तिथे दुरुस्तीला येतात. सांधा चिकटवला म्हणजे कायमचा बंद झाला, हे तुम्ही ठरवून टाकलंत. जुना सरस ऊब आणि वाफ दिली की सुटतो, परत लावता येतो.

गिब्सनच्या लेस पॉल गिटारचा ब्रिज बॉडीपासून बराच उंच असतो, म्हणून नेक मुळातच मागे कललेला बसवावा लागतो. नेकच्या टोकाला जीभ, बॉडीत तिच्या मापाची खाच, मध्ये सरस. ते काम नीट झालं असेल तर तुमची पट्टी लागतच नाही. आणि सतराव्या फ्रेटवर तळहाताला पत्र्याचा कोपरा टोचत नाही, तो फायदा वेगळाच.

बेसवाली

तुम्ही दोघं भांडा. मी तिसरीकडची, नेक-थ्रू. म्हणजे नेकचं लाकूड तसंच बॉडीच्या शेवटापर्यंत जातं, ब्रिज आणि पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग) त्याच पट्टीवर बसतात, दोन्ही बाजूंना पंख चिकटवलेले. रिकनबॅकरने १९५७ च्या बेस गिटारमध्ये हेच केलं, गिब्सनने १९६३ च्या फायरबर्डमध्ये. सांधाच नाही, त्यामुळे वरच्या फ्रेटवर हात लोण्यासारखा जातो.

पण सस्टेनचं विचाराल तर माझ्या बेसवर 'जी' (G) सुराच्या तारेच्या सहाव्या फ्रेटला सूर पटकन मरतो. नेक स्वतःच त्या कंपनाला थरथरतो आणि तारेची ताकद खाऊन टाकतो. सांधा नसून ही गत आहे. तेव्हा सांध्यावरून सस्टेन ठरतो, हे कृपया मला सांगू नका.

कोकणातला तारकरी

@बेसवाली, अगदी हेच म्हणायचं होतं. आणि तुमचा नेक पिळवटला तर? अख्खा बेस गेला की!

@भाचा, सरस वाफेने सुटतो हे मान्य. पण हल्लीच्या बऱ्याच स्वस्त गिटारींत सरस नसतोच. काय ओतलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो सांधा उघडताना लाकूडही सोबत येतं.

दोनदा जोडलेला

सांध्यावर एवढी चर्चा आणि माझी सेट नेक गिटार दोनदा मोडली ती सांध्यावर नव्हेच. खुंट्या असतात ते डोकं तुटलं, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मागे. डोकं मागे वळवलेलं, महोगनी तशी ठिसूळ, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं. पहिल्यांदा एसटीत वरच्या फळीवरून पडली, दुसऱ्यांदा स्टँडवरून. सांधा आजही ठणठणीत आहे. स्क्रूचा नेक असता तर नवा आणून लावला असता, एवढं मात्र दोन्ही वेळा मनात आलं.

कान आणि माप

'मी दोन्ही वाजवून बघितल्या, फरक कळतो' असं सांगणारे बहुधा स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) आणि लेस पॉल शेजारी ठेवतात. एकीच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, दुसरीची पावणेपंचवीसच्या आसपास. एकीत सिंगल कॉइल पिकअप, दुसरीत हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा. लाकूड वेगळं, ब्रिज वेगळा. मग ऐकू आलेला फरक सांध्याच्याच खात्यावर का मांडायचा?

मला स्क्रूचा सांधा चालतो, पण घट्ट हवा. फेंडरने १९७० च्या दशकात स्ट्रॅटला चाराऐवजी तीन स्क्रू दिले, नेक बाजूला सरकतो म्हणून लोकांनी शिव्या घातल्या आणि पुढे चार परत आले.

तारकरी, एक विचारतो. तुमच्या बॉडीतल्या भोकांतून स्क्रू नुसता ढकलून आरपार जातो, की तिथेही पिळावा लागतो? त्याने फक्त नेकमध्ये पकड घ्यायची असते. बॉडीतही आटे धरले तर तुम्ही कितीही आवळा, मध्ये फट राहते.

मिरजेचा भाचा

आता कसं! पत्रिकेच्या आधी हे बघायला हवं होतं.

कोकणातला तारकरी

आत्ता उघडून बघितलं. चारपैकी दोन पिळावे लागतात. उद्या भोकं जराशी मोठी करून घेतो. पत्रिका तूर्तास आतच राहू दे, तारा बऱ्या बसल्यात.