एकाच हॉलमध्ये दोन आयकिडो गट, तिसरा महासंघ दारात. पोरांचा पट्टा कोणाचा धरायचा?

मांजराकाठ, लातूर
इकडं आयकिडो (जपानी युद्धकला) सोमवार-बुधवार-शुक्रवार आयकिकाईवाले (टोकियोची मूळ संस्था) शिकवतात, मंगळवार-गुरुवार योशिनकानवाले (तिच्यापासून वेगळी शाखा). गाद्या सामायिक, भाडं अर्धं-अर्धं, पण एकमेकांच्या पोरांना गादीवर उभं करत नाहीत. आता बाहेरगावचा एक गट म्हणतोय, आमच्या महासंघात या, मोठ्या पोरांना थेट ब्लॅक बेल्ट देऊ. कोणाचा कागद खरा धरायचा? आणि दोन्हीकडच्या लेकरांना एकत्र सराव करू द्यावा का?

हिमायतबाग, संभाजीनगर
एका गावात दोन गट यात नवल काही नाही. फ्रान्समध्ये दोन महासंघ आहेत आणि दोघंही टोकियोच्या होम्बू दोजोलाच, म्हणजे आयकिकाईच्या मुख्यालयालाच मानतात.

आयकिडोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई हयात असतानाच 1955 मध्ये त्यांचे शिष्य शिओदा गोझोंनी योशिनकान काढलं, आणि ते काही भांडून नव्हे. युद्धानंतर होम्बू जेमतेम चालू होता, शिओदा मात्र कारखान्यातल्या कामगारांना, पोलिसांना शिकवत होते. मोठा जमाव एकदम शिकवायचा तर कवायतीसारखा बांधीव क्रम लागतो, तो तिथून आला. उएशिबांचे आणखी एक शिष्य तोमिकी केन्जी मूळचे ज्युदोचे जनक कानोंकडचे ज्युदोवाले. त्यांना स्पर्धा हवी होती, आयकिकाईला नको होती. हा खरा तत्त्वाचा वाद. तोहेई कोइचींचं वेगळं. उएशिबा 1969 मध्ये गेले, पुत्र किस्शोमारू दोशू (आयकिकाईचे प्रमुख) झाले आणि मुख्य शिक्षक होते 10 व्या दानचे (दान म्हणजे ब्लॅक बेल्टवरची पायरी) तोहेई. त्यांनी 1971 मध्ये 'की'साठी (प्राणशक्तीसाठी) स्वतंत्र संस्था काढली आणि 1974 मध्ये आयकिकाई सोडलं. इवामा गावच्या दोजोचे सायतो मोरिहिरो 2002 मध्ये वारले, दोन वर्षांत त्यांचा मुलगाही वेगळा झाला. वडीलधारा गेला की वाटणी, आपल्याकडं जमिनीची होते तशीच.

आता कागद. आयकिकाईत क्यूची (ब्लॅक बेल्टआधीच्या पायऱ्यांची) परीक्षा सहसा स्थानिक संघटना घेते, दान मात्र टोकियोत नोंदलं जातं. शोदानला (पहिल्या दानाला) दोशूंच्या नावचं प्रमाणपत्र आणि पासबुकाएवढी एक पुस्तिका मिळते, तीत नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक नसेल तर ते आयकिकाईचं दान नाही, देणाऱ्यानं भिंतीवर कोणाचाही फोटो लावू दे. योशिनकानची दानं त्यांच्या मुख्यालयाची, तो हिशेब वेगळा. दोन्ही खरे, फक्त एकाची पदवी दुसरीकडं आपोआप चालत नाही. गट बदलताना जुन्या शिक्षकांचं पत्र घ्या, ते नसलं की बहुतेक ठिकाणी गाडी अडते.

'थेट' ब्लॅक बेल्टचं गणित स्वतःच करा. होम्बूचा नियम 5 व्या क्यूला 30 दिवस सराव, पुढं 40, 50, 50, 60 आणि शोदानला 70. एकूण 300 दिवस, वय किमान 15. आठवड्याला तीन क्लास, त्यातून सणवार आणि शाळेच्या परीक्षा वजा केल्या तर वर्षाला 130 दिवस भरले तरी खूप. म्हणजे सव्वादोन वर्षं, तेही खाडा न करता. त्या महासंघवाल्याला एवढंच विचारा: परीक्षक कोण, त्याचं स्वतःचं दान कुठं नोंदलंय, आणि पोरांची हजेरी वही बघितली का?

गोदाकाठ, नांदेड
एकत्र सराव होतो. फक्त पहिला महिनाभर शिहोनागे (हात खांद्यामागं दुमडून पाडायचं तंत्र) नको.

नावांचा घोळ आठवड्यात मिटतो: आयकिकाईचं इक्क्यो ते योशिनकानचं इक्काजो (पहिलं तंत्र), इकडचा नागे (तंत्र करणारा) तो तिकडचा शिते. अंगाची सवय इतक्या लवकर मोडत नाही. योशिनकानचं पोरगं पुढच्या पायावर भार देऊन उभं राहतं आणि तंत्र टप्प्याटप्प्यानं थांबवत नेतं. आयकिकाईचा उके (ज्याच्यावर तंत्र होतं तो) वाहत येतो, मधे थांबा येईल हे त्याच्या डोक्यातच नसतं. शिहोनागेत हात उकेच्या खांद्यालगत दुमडून खाली आणायचा असतो. तो बाहेरच्या बाजूला ओढला गेला की कोपर ताणतं, आणि उके बसायच्या आत जोर लावला तर डोक्याची मागची बाजू आधी आदळते. जपानमध्ये या तंत्रात डोक्याला गंभीर इजा झालेल्या आहेत, गंमत समजू नका. उकेची हनुवटी छातीला, शेवटच्या वितभर अंतरात वेग शून्य.

सुरुवात ताई नो हेन्कोनं (जोडीनं अंग वळवायच्या सरावानं) करा, ते दोघांकडं आहे. ज्याचा वार त्याचा नियम. 'आमच्यात असं नसतं' हे गादीवर बोलायचं नाही, चहाच्या टपरीवर खुशाल बोला. आणि गाद्या 20 मिमीच्या असतील तर कोतेगाएशीची (मनगट पिळून पाडायच्या तंत्राची) उंच पडी नकोच, 40 मिमी लागते.

मांजराकाठ, लातूर
आभारी आहे. अजून दोन शंका. पालक विचारतात, 5 टक्के क्रीडा आरक्षणाला हे चालेल का? आणि दोन्ही गटांनी मिळून एकच संस्था नोंदवावी असं काहींचं म्हणणं आहे.

जुना_मोंढा, जालना
आरक्षण पट्ट्यावर मिळत नाही. ते शासनाच्या यादीतला खेळ आणि स्पर्धेचा दर्जा यावर मिळतं. आयकिकाईत स्पर्धाच नाहीत, मग पदक कुठून आणणार? स्पर्धा तोमिकी शाखेत असतात: एकाच्या हाती मऊ सुरी, दुसरा रिकाम्या हातानं, अर्ध्या वेळेला अदलाबदल. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू यादी बघा, तोवर पालकांना शब्द देऊ नका.

एकच संस्था मुळीच करू नका. नोंदणी अवघड नाही, 7 माणसं जमली की होते. अवघड पुढचं. कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकावा लागतो. दोन्ही गटांनी आपापल्या कार्यकारिणीचे दोन अर्ज टाकले की तारखा सुरू. तोवर बँक म्हणते सही कोणाची घेऊ, आणि हॉलमालक म्हणतो भाडं कुठंय.

संस्था दोन ठेवा. हॉल आणि गाद्यांपुरता 500 च्या स्टॅम्पवर करार करा: वार, भाड्याची तारीख, सोडून जायचं तर किती महिने आधी सांगायचं. गाद्या कोणाच्या पैशाच्या ते पावत्या लावून लिहा, आणि प्रत्येक गादीच्या पाठीवर मार्करनं आकडा टाका.