दरीतल्या घरांचे जुने फोटो : बिनधास्त दाखवावेत की आधी विचारावं?

दुर्गवेडा
दोन आठवडे ग्रँड कॅन्यनचे जुने फोटो चाळतोय. 1900 च्या आसपास अमेरिकेतल्या या दरीत राहणाऱ्या हवासुपाई आदिवासींच्या घरांचे बरेच फोटो काढले गेले. फांद्यांवर गवत-माती चढवलेली घुमटासारखी झोपडी, दारात बाई आणि पोरं, मागे कडा. त्यांच्या टोपल्या बघत बसावं अशा. पाणी भरायच्या टोपलीला राळ चोपडून भोकं बुजवायचे!

1882 मध्ये या लोकांच्या हाती 518 एकर ठेवले, बाकीचं गेलं. 1919 ला राष्ट्रीय उद्यान झालं. ब्राइट एंजल वाटेवरच्या झऱ्याकाठी शेती करणारा बिली बरो हा तिथला शेवटचा रहिवासी. त्याला 1928 मध्ये उद्यानाच्या लोकांनी बाहेर काढलं आणि जागेला मात्र ‘इंडियन गार्डन’ म्हणत राहिले. ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव आलं थेट नोव्हेंबर 2022 मध्ये. (बरो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाढव. असलं आडनाव कोणी आपणहून घेत नसावं.)

माझं मत : हे फोटो जितके फिरतील तितकं बरं. शंभर वर्षं उलटली, हक्क संपले. ‘इथे कुठे कोण राहत होतं’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर मारायला याहून चांगलं काय आहे?

निळीशाई
असहमत. हक्क संपले ते फोटो काढणाऱ्याचे. दारातल्या त्या बाईला कोणी विचारलं होतं?
याच हवासुपाईंनी 1990 च्या दशकात मधुमेहावरच्या संशोधनासाठी रक्त दिलं. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ते स्किझोफ्रेनियापासून पूर्वजांच्या स्थलांतरापर्यंत भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलं. 2010 मध्ये तडजोड झाली : 7 लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. ‘विचारायचं कशाला’ हे त्यांनी पुरेसं ऐकलंय.

दुर्गवेडा
रक्त आणि फोटो एकाच तागडीत? फोटोत फक्त चेहरा आहे. आणि तो दिसला नाही तर त्या माणसांना दुसऱ्यांदा हाकलल्यासारखंच होईल.

निळीशाई
‘फक्त’ चेहरा!! जुन्या फोटोंखाली चेहऱ्याला नाव तरी कुठे असतं? मुखिया असेल तर नाव, बाई असेल तर ‘हवासुपाई स्त्री’. वर्गातल्या तक्त्यावर ‘भारतीय हत्ती’ लिहितात तसं.

बॅटरीवाले काका
फोटो खरा असतो हे दोघांनीही धरूनच चाललंय. एडवर्ड कर्टिस या अमेरिकन फोटोग्राफरने 1910 मध्ये पिगन या तिकडच्याच दुसऱ्या आदिवासी जमातीच्या बाप-लेकाचा त्यांच्या तंबूत फोटो काढला. दोघांच्या मध्ये चांगलं घड्याळ होतं. छापताना पठ्ठ्याने ते पुसलं, कारण ‘जुन्या काळच्या’ माणसाकडे घड्याळ शोभत नाही. पुरावा म्हणून नाचवताना जरा दमानं.

दुर्गवेडा
मान्य. पण घड्याळ पुसलं म्हणून तंबू खोटा ठरत नाही, काका.

फीनिक्सची मावशी
मी ती ब्राइट एंजल वाट उतरलेय. वरून साधारण 7 किलोमीटर खाली, गुडघ्यांची वाट लागते आणि एकदम कॉटनवुडच्या झाडांची गार सावली येते. आता तिथे तंबू टाकायचा तळ आहे, नळ आहे. नळाला बाटली लावताना मला बिली बरोचं नावही माहीत नव्हतं, घरी येऊन वाचलं आणि फार ओशाळल्यासारखं झालं. त्यामुळे फोटो तिथे, नळाशेजारीच हवा या मताची मी.
पण कुठला फोटो आणि खाली काय लिहायचं हे सुपाईने, म्हणजे हवासुपाईंच्या आजच्या गावाने ठरवावं. तुम्ही दोघं ही माणसं संपल्यासारखं बोलताय. 1975 च्या कायद्याने त्यांना सुमारे 1,85,000 एकर परत मिळाले. गावात गाडीरस्ता नाही, टपाल आजही खेचरांवरून उतरतं, पण उतरतं. पत्र टाकून विचारता येतं!

निळीशाई
मावशी +१. आणि हे काही आभाळातून पडलेलं नाही. अॅरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहरात 2006 साली आदिवासी प्रतिनिधी आणि अभिलेखागारवाले एकत्र बसले, अशा सामग्रीसाठी नियम लिहिले. अमेरिकेतल्या अभिलेखपालांच्या संघटनेला ते मान्य करायला 2018 उजाडलं, ते सोडा.

दुर्गवेडा
आणि गाव ‘नको’ म्हणालं तर? फोटो पेटीत बंद?

निळीशाई
बंद. त्यांच्या पेटीत.

दुर्गवेडा
हे नाही पटत. माझ्या आजोळचं घर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. पाणी यायच्या आधीचा एकच फोटो उरलाय. ओटीवर आजी सूप घेऊन बसलीय, कॅमेऱ्याकडे बघतही नाही. तो कोणी न विचारता पुस्तकात छापला तर मला आनंदच होईल. हां, खाली ‘एक जुने घर’ एवढंच लिहिलं तर मात्र भांडायला जाईन.

बॅटरीवाले काका
मग टाका की तो इथेच.

दुर्गवेडा
टाकतो. मामांना एकदा विचारून घेतो.